भुवड बाईंचा भाऊ

दार वाजलं तेव्हा गोदा फळ्यावर डोंगर काढत होती. हातातला खडू तसाच घेऊन ती पडवीत आली, कडी काढली, आणि समोर तिची वहिनी. मैनावहिनीच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात नवऱ्याचं मनगट, जत्रेत पोराचं धरावं तसं घट्ट धरलेलं.

“आलो गो बाय,” मैना म्हणाली. “तूच म्हनली व्हतीस ना, हितं दारू सोडवत्यात म्हनून?”

गोदा म्हणाली होती खरी. दिवाळीत घरी गेली होती तेव्हा, चुलीपाशी बसून, आपण सध्या कुठे काम करतो हे सांगताना. पण ते एवढं मनावर घेऊन वहिनी दादाला संगमेश्वराहून एसटीत घालून थेट रत्नागिरीला, माळनाक्यावरच्या या कौलारू घरापर्यंत आणेल, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

महिपत खाली मान घालून उभा होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. बहिणीकडे त्याने एकदाच पाहिलं आणि ओशाळून हसला.

व्यसनमुक्ती केंद्राचे हारुन सर आतून आले. हारुन मुकादम मूळचे राजापूरचे. मनोरुग्णांमध्ये बरीच वर्षं काम केलेला शांत माणूस. त्यांनी मैनाला बोलायला आत नेलं. पडवीत बहीणभाऊ दोघंच उरले. गोदाने आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

“दादा, इथे मी शिकायला आलेय. इथे मला सगळे बाई म्हणतात. घरातल्या माणसावर आम्ही काम करायचं नसतं, तसा नियम आहे. कळलं तर सर एक तर तुला नाही म्हणतील, नाहीतर मला. तेव्हा आपलं नातं इथे काढू नकोस.”

महिपतने मान हलवली. “नाय काढत.”

“कोणी आडनावावरून विचारलं तर?”

“आर्दा तालुका भुवड हाय गो.” मग त्याचं त्यालाच लक्षात आलं आणि तो म्हणाला, “आर्दा तालुका भुवड हाय, बाई.”

नियम खराच होता. त्यामुळे आपण खोटं बोललो असं गोदाला त्या दिवशी वाटलं नाही. ते वाटायला पुढे बरेच दिवस लागले.

ती मुंबईच्या कॉलेजात समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होती. तिथल्या ग्रंथालयात तिला परदेशी मासिकांतले काही लेख सापडले होते: वाट चुकलेल्या माणसांना खोलीत बसवून उपदेश करण्यापेक्षा डोंगरावर न्यावं, कड्यावर चढवावं, एकमेकांचा जीव एकमेकांच्या हातात द्यावा, त्यातून माणसं सावरतात. गोदा स्वतः एका गिर्यारोहण संस्थेत दोर बांधायला, कडा चढायला शिकली होती. तिने हाच विषय मागितला. बर्वे बाई म्हणजे तिच्या मार्गदर्शक, त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं होतं, “सहलीला समाजकार्य म्हणायचं का आपण, गोदावरी?” पण परवानगी दिली. आणि रत्नागिरीला हारुन सरांनी होकार दिला.

सर मैनाला घेऊन बाहेर आले. वहिनी आत काय बोलली हे विचारायचा धीर गोदाला झाला नाही. सर काहीच म्हणाले नाहीत, तेव्हा तिने मनाशी धरलं की नातं निघालंच नसावं. महिपतचं नाव गटात लागलं. जाताना मैनाने नणंदेच्या तोंडावरून हात फिरवायला हात उचलला, तर गोदा फळा पुसायला वळली.

गटात बरीच माणसं होती. त्यात मिरकरवाड्याचा सुलेमान होता, एके काळी मासेमारी होडीचा तांडेल, म्हणजे प्रमुख, ज्याला आता कोणी होडीवर घेत नव्हतं. काशीराम गुरुजी होते, शाळेतून सक्तीच्या रजेवर पाठवलेले, कडक इस्त्रीचे आणि गोड बोलणारे. आणि महिपत होता. आईबाप गेल्यावर धाकट्या बहिणीला त्याने मुंबईला नेलं होतं. तो राहायचा त्या लालबागच्या गाळ्यात नुसते पुरुष. म्हणून तिला त्याने खानावळवाल्या यमुनाबाईंच्या घरी ठेवलं. रात्रपाळी संपली की केसांत कापसाचं तूस घेऊन तो तसाच तिला शाळेत सोडायला यायचा. ती फाटकातून आत जाईपर्यंत उभा राहायचा आणि मग झोपायला जायचा. पुढे ती कॉलेजच्या वसतिगृहात गेली, आणि गिरण्यांचा संप झाला. तो मिटला असं कोणी म्हटलंच नाही, आणि गिरणीने महिपतला परत बोलावलंही नाही. गावी आला तो बाटली घेऊनच.

त्याच्या आधी एकदा, संप चालू असताना, तो संध्याकाळी तिच्या वसतिगृहाच्या फाटकाशी आला होता. पिऊन. ती धावत खाली गेली, त्याला रस्त्यापलीकडे न्यायला लागली, तेव्हा तोल जाऊन त्याने तिचा दंड धरला. त्या धरण्याने दोघंही रस्त्यात पडली. वरच्या सगळ्या खिडक्यांतून मुली पाहत होत्या. गोदाच्या हनुवटीवर टाका पडला. त्याची खूण अजून होती आणि आरशात रोज दिसत होती.

हिवाळा सुरू झाला होता. सकाळी गोदा सगळ्यांना सड्याच्या पठारावर न्यायची. काळा कातळ, त्यावर वाळलेलं पिवळं गवत, आणि खाली समुद्र. सुरुवातीला माणसांना दम लागायचा, ओकाऱ्या व्हायच्या. सुलेमान तर दर वळणावर बसून शिव्या घालायचा. हळूहळू पाय मोकळे झाले. मग ती लहान दरडींवर दोर लावायला लागली. चढणाऱ्याच्या कमरेला दोर, आणि त्याचं दुसरं टोक वर बसलेल्या माणसाच्या कमरेभोवतून त्याच्या हातात. चढणाऱ्याचा पाय सुटला की धरणाऱ्याने आवळायचं.

“वरच्यानं नाय आवळला तर?” सुलेमानने पहिल्याच दिवशी विचारलं.

“तर तुम्ही पडाल,” गोदा म्हणाली.

“मंग गुर्जींच्या हातात देयाचा व्हय माजा जीव? ह्यांना सवताचं धोतर आवरत नाय!”

सगळे हसले, गुरुजीसुद्धा. पण त्याच दिवशी सुलेमानचा पाय सुटला आणि गुरुजींनी त्याला धरलं. वर आल्यावर खिशातली आपली एकुलती एक बिडी त्याने गुरुजींपुढे केली.

महिपत या सगळ्यात सर्वांच्या मागे असायचा. कोणी थांबलं की तो थांबायचा. बहिणीला तो ‘बाई’ म्हणायचा, ‘तुमी’ म्हणायचा, आणि ते इतकं सहज म्हणायचा की गोदाला पहिल्या आठवड्यात हायसं वाटलं, आणि नंतर नंतर कुठेतरी टोचायला लागलं. संध्याकाळी सगळे गोल बसून आपलं आपलं सांगायचे. एकदा गुरुजींनी त्याला विचारलं, “तुम्हाला भावंडं किती, महिपतराव?”

“येक भन हाय. शिकली.”

“कुठे असते?”

महिपतने क्षणभर विचार केला. “मुंबैला,” तो म्हणाला. “लई कामात असत्ये.”

गोदा समोरच बसली होती. तिने “पुढे कोण बोलणार?” असं विचारलं, आणि आपला आवाज किती नीट निघाला याचंच तिला आश्चर्य वाटलं. त्या दिवशी जेवताना महिपतच्या ताटात तिने सुकटीची चटणी जरा जास्त वाढली. त्याने ती तशीच ताटात ठेवली. जास्तीचं वाढणं सुलेमानच्या ध्यानात येईल म्हणून, की आणखी कशासाठी, ते तिला कळलं नाही.

त्याची दारू मात्र सुटली होती. सर्वांत आधी त्याचीच. डोळे स्वच्छ झाले, शर्टाची बटणं जागेवर आली. हारुन सर गोदाला म्हणाले, “तुमच्या डोंगराचा गुण सगळ्यात जास्त महिपतरावांना आलाय.” ती नुसती हसली.

शेवटची चढाई देवरुखच्या पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका कड्यावर ठरली. ती पाहायला मुंबईहून बर्वे बाई यायच्या होत्या. त्यांच्या शेऱ्यावर गोदाचं वर्ष अवलंबून होतं, आणि हा विषय कॉलेजात पुढे कोणी घ्यायचा की नाही हेही.

जीप निघाली तेव्हा गारठा होता. कड्याखाली पोचल्यावर बर्वे बाई एका खडकावर शाल पांघरून बसल्या. एकेक जण चढू लागला. सुलेमान वर पोचल्यावर त्याने अशी आरोळी ठोकली की समोरच्या झाडांतली वानरं पळाली. गुरुजींना मधल्या टप्प्यावर रडू आलं. ते रडत रडत चढले, पण चढले. बर्वे बाईंनी शाल बाजूला ठेवली आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या. दोरावर जो जो चढला, त्याने मग वर बसून दुसऱ्याचा दोर धरला. शेवटचा महिपत चढला. मांजरासारखा, न बोलता, एकदाही न घसरता.

आता गोदाने स्वतः चढायचं होतं. वाट तीच नव्हती. बाजूची, अवघड, सरळसोट धार होती. तसं आधीच ठरलं होतं: शेवटी बाईंनी आपला जीव गटातल्या एकाच्या हाती द्यायचा. कोणाच्या, ते हारुन सर सांगणार होते.

“महिपतराव,” सरांनी वरून हाक दिली, “बाईंचा दोर तुम्ही धरा.”

गोदाने वर पाहिलं. कड्याच्या ओठाशी महिपत पुढे आला. त्याने तळवे विजारीला पुसले, बूड टेकलं, पाय खडकाला रोवले, दोर कमरेभोवतून घेतला. सगळं शिकवल्याप्रमाणे. फक्त त्याची बोटं थरथरत होती. खालूनही दिसावं इतकी. गारठ्याने असेल. दारू सुटलेल्या माणसाचे हात कितीतरी दिवस थरथरतात, हे तिने स्वतःच गटाला सांगितलं होतं. पण तिचा हात आपसूक हनुवटीकडे गेला.

“नको,” ती म्हणाली. मग सर्वांना ऐकू जाईल असं मोठ्याने, “गुरुजी, तुम्ही धरा माझा दोर.”

बर्वे बाई गोदाकडे बघत होत्या. सुलेमान म्हणाला, “आवो बाई, म्हैपत धरील की,” पण कोणीतरी त्याला गप्प केलं. महिपत बसल्या जागी जरा थांबला. मग उठला, कमरेचा दोर सावकाश सोडवला आणि गुरुजींकडे दिला.

“नीट बसा गुर्जी,” तो म्हणाला. “पाय रोवा. आदी पाय.”

गोदा चढली. चांगली चढली. वर पोचली तेव्हा बर्वे बाई खालून हात हलवत होत्या, आणि खाली दरीत ऊन पसरत होतं. गुरुजींचे हात हातात घेऊन तिने आभार मानले. महिपत तिकडे पाठ करून उरलेलं सामान पिशव्यांत भरत होता. परतताना जीपमध्ये तो मागे, सामानाच्या बाजूला बसला. गोदा पुढे बर्वे बाईंच्या शेजारी होती. बाई म्हणत होत्या, “मला वाटलं नव्हतं, गोदावरी. खरंच वाटलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपतची वळकटी गुंडाळलेली होती आणि तो नव्हता. गोदाने मिरकरवाडा पाहिला, एसटी स्टँड पाहिला. हातखंब्याच्या तिठ्यावर चहावाल्याने सांगितलं, असा एक माणूस आला होता, संगमेश्वराकडे जाणाऱ्या ट्रकात बसून गेला. त्या आधी पलीकडे जाऊन आला. पलीकडे काय मिळतं, ते त्याने सांगितलं नाही आणि गोदाने विचारलं नाही.

ती परत आली आणि हारुन सरांच्या टेबलापुढे उभी राहिली.

“सर, महिपत भुवड माझा सख्खा भाऊ आहे.”

“माहीत आहे,” सर म्हणाले. “मैनाताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. नणंद इथेच आहे म्हणून विश्वासाने आणलं, म्हणाल्या.”

गोदा खुर्चीत बसली.

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलाल म्हणून वाट पाहत होतो. रोज वाटायचं, आज बोलतील.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “काल दोर मुद्दाम त्यांना दिला. वाटलं, जे तोंडाने होत नाही ते तिथे होईल. घाई केली. त्यात चूक माझी आहे, ती मी तुमच्यावर ढकलत नाही.”

“मला भीती वाटली, सर. त्याचे हात—”

“वाटणारच. भीती वाटते, असं म्हणाला असतात तर त्यांना चाललं असतं, बाई. त्यांनाही वाटतच होती. तुम्ही गुरुजींचं नाव घेतलंत.”

गोदाचा प्रबंध मान्य झाला. तोंडी परीक्षेत बर्वे बाईंनी तिचं काम सगळ्यांपुढे वाखाणलं. पुढच्या वर्षी आणखी कोणीतरी हा विषय घ्यावा असंही सुचवलं. एका परीक्षकांनी विचारलं, “एक माणूस मधेच सोडून गेला, तो का?” गोदा म्हणाली, “घरगुती कारण होतं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढं उत्तर पुरलं, आणि पुरलं यानेच तिला बाहेर आल्यावर कसंतरी झालं. जिन्याच्या पायरीवर ती बराच वेळ बसून राहिली. मैत्रिणी पेढे मागायला आल्या तेव्हा डोकं दुखतंय म्हणाली.

शिमग्याला ती गावी गेली.

मैनाने तिला पाय धुवायला पाणी दिलं, जवळ बसवलं, तोंडावरून हात फिरवला. दादा कसा आहे म्हणून विचारल्यावर वहिनी म्हणाली, “बराय. पयल्यासारखी नाय घेत. पन घेतो. चार दीस नाय, मग येक दीस घेतो.” आणि जरा थांबून, “तकडं काय झालं गो? ईचारलं तर बोलत नाय. मी म्हनलं, तुजी भन हाय ना तितं, मग का आलास? तर म्हनाला, ती हाय म्हनूनच बरं चाल्लंय तितं. मला कायेक कळलं नाय.”

“दादा कधी येईल?” गोदाने विचारलं.

महिपत दुपारी आला. अंगणात बहिणीला पाहून तो थबकला आणि म्हणाला, “बाई, कदी आलाव?”

मैना खदखदून हसली. “बाई काय! शिकली म्हनून आता बाई म्हनायचं व्हय तिला?” महिपतही हसला, पण त्याने शब्द बदलला नाही. चेष्टा नव्हती त्यात आणि रागही नव्हता. तोंडात बसून गेलं होतं.

पालखी वाडीत यायला वेळ होता. महिपत गोठ्यामागे काटक्या तोडत होता, तिथे गोदा गेली. जवळ गेल्यावर तिला वास आला. थोडा. सकाळचा असावा.

“दादा, त्या दिवशी मी—”

“तू बराबर केलंस.” कोयता न थांबवता तो म्हणाला. “हात हालत व्हते माजे. थंडीनं का कशानं, मलाच ठाव नव्हतं.”

“तरी मी तसं करायला नको होतं. सगळ्यांसमोर.”

“आगं, कड्यावर जीवाचा खेळ. त्याला भाऊ न् भन काय.”

त्याने काटक्यांची मोळी बांधली, गाठ मारली. मग मोळीकडेच पाहत, जरा खालच्या आवाजात म्हणाला, “पन मी सोडला नसता गो. हात तुटला असता, तरी नसता सोडला.”

गोदाला रडू आलं. ते पाहून तो घाबरला. तिच्या खांद्याशी हात नेला, पण धरला नाही. इतक्यात खालच्या वाटेने ढोल ऐकू आले, आणि मैनाने आतून हाक मारली, “आली रे पालखी! सडा घाला, तांब्या काढा!”

अंगणभर माणसं झाली. ढोल, ताशे, गुलाल. देवाची पालखी दारात टेकली, गुरवाने गाऱ्हाणं घातलं. महिपत बाजूला, माडाच्या बुंध्याशी उभा होता. सकाळी घेतली होती म्हणूनच तो तिथे उभा आहे, हे गोदाला कळलं, आणि सगळ्या वाडीलाही कळत असणार.

वाडीचे जुने मानकरी, पांढऱ्या मिशांचे बाळू तात्या, यांनी गर्दीतून त्याला शोधलं. “म्हैपत! तकडं काय करतोस? खांदा दे.”

“आज नको तात्यानूं.”

“का?”

महिपतने तोंड दुसरीकडे वळवलं. तात्या त्याच्याजवळ गेले, त्याच्या तोंडाशी तोंड नेलं, वास घेतला आणि सगळ्यांदेखत नाक मुरडलं. “हूं,” ते म्हणाले. “पाय धू, चूळ भर, आन ये. गण्या, तू ह्येच्या उजव्या अंगाला ऱ्हा. शिरप्या, तू डाव्या.”

महिपतने पाय धुतले. चूळ भरली. दोन धडधाकट गड्यांच्या मधे जाऊन त्याने डोक्याचा टॉवेल खांद्यावर घडी करून ठेवला आणि पुढच्या दांडीखाली खांदा दिला. पालखी उठली. ढोल वाढला तशी ती डावीउजवीकडे झुलायला लागली, खाली बसायला लागली, पुन्हा उसळून वर यायला लागली. एकदा महिपतचा पाय अडखळला. बाजूच्या दोघांनी काही न बोलता अंग त्याच्याकडे दाबलं, आणि पालखी हलली तेवढी सावरली. त्याचे डोळे मिटलेले होते. कपाळावर गुलाल आणि घाम एक झाला होता.

गोदा बायकांमध्ये ओटीचं ताट घेऊन उभी होती. तिची पाळी आली तेव्हा पालखी तिच्यासमोर आणून खाली केली गेली. महिपत अगदी हाताच्या अंतरावर होता, वाकलेला, धापा टाकणारा. तिने नारळ ठेवला, तांदूळ वाहिले, नमस्कार केला. काय मागायचं ते तिला सुचलं नाही.

“चला रं, फुडं!” तात्या ओरडले.

पालखी अंगणाच्या कडेने निघाली आणि खालच्या वाडीकडे जाणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांवर आली. उतार तीव्र होता. सगळं ओझं पुढच्यांवर येत होतं. कोणीतरी खांदा बदलायला पुढे झाला, पण महिपतने मान हलवून नको म्हटलं. अनवाणी पायाने तो एकेक पायरी चाचपत होता, टाच टेकली की मगच अंगाचा भार सोडत होता, आणि त्याच्या मागे देव तोल न जाता खाली उतरत होता.

मैना म्हणाली, “चल गो, चाय ठेवू.”

“तू हो पुढे,” गोदा म्हणाली, आणि रिकामं ताट छातीशी धरून ढोल पऱ्ह्याच्या पाण्यापलीकडे जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.